माझ्या भावाचा हुजऱ्या

ती मालिका दादाला मीच दाखवली. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये सगळ्यांची समजूत उलटी होती, म्हणून हे आधी सांगून टाकतो. दादा तिथला जुना डॉक्टर, त्याला इंग्रजी विनोदाची जाण असणारच, आणि मी साताऱ्याहून मागाहून आलेला धाकटा भाऊ, त्याच्या सोफ्यावर बसून हसायला शिकलेला, असं लोक धरून चालायचे. मी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. दादानंही केलं नाही.

खरं असं होतं की दादा एका डिसेंबरात सुट्टीला घरी आला होता. मी तेव्हा साताऱ्याच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायचो. माझ्या एका सहकाऱ्याचा मेव्हणा लंडनला होता, त्यानं पाठवलेल्या सीडींवरून मी ती जुनी ब्रिटिश विनोदी मालिका उतरवून घेतली होती. लंडनमधला एक श्रीमंत, आळशी, मनानं चांगला पण डोक्यानं बेताचा तरुण. दर भागात तो कुठल्यातरी लफड्यात अडकतो. नको त्या मुलीशी लग्न ठरतं, नाहीतर आत्या डोळे वटारते, नाहीतर एखादा मित्र गळ्यात पडतो. आणि त्याचा खासगी नोकर, काळ्या कोटातला, चेहऱ्यावरची रेषही न हलवणारा, त्याला त्यातून अलगद बाहेर काढतो. मालक मूर्ख, नोकर शहाणा, आणि ते दोघांनाही पक्कं ठाऊक. विनोद एवढाच, पण फार नजाकतीनं केलेला.

पहिल्या भागाला दादा नुसता बघत राहिला. मी मध्येमध्ये थांबवून सांगत होतो, हे असं का म्हणाला, त्यात काय गंमत आहे. दुसऱ्या भागाला तो हसायला लागला, आणि तिसऱ्याला आई स्वयंपाकघरातून विचारत आली, काय झालं रे, एवढं काय झालं? आम्ही दोघं सतरंजीवर आडवे पडून डोळे पुसत होतो. दादा माझ्यापेक्षा बराच मोठा. तो घर सोडून गेला तेव्हा मी शाळेत होतो. भाऊ म्हणून माझी त्याच्याशी खरी ओळख झाली ती त्या संध्याकाळी. परत गेल्यावर त्यानं तिकडे अख्खा संच विकत घेतला आणि मला फोन करून सांगितलं, "तू आलास की बसू."

मी येणार हे तेव्हा नुसतं बोलण्यातलं होतं. दादानं माझ्यासाठी ग्रीन कार्डचा अर्ज करून ठेवला होता आणि भावंडांच्या अर्जाला किती वर्षं लागतात हे ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. व्हिसा आला तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. मुलगी प्राथमिक शाळेत होती. बायको एका शाळेत शिकवत होती, तिची नोकरी कायम होती. तिला यायचं नव्हतं. पण मुलीच्या शिक्षणाचा विषय काढला की आमच्या पिढीचे आईबाप गप्प बसतात, तशी तीही बसली.

"इथे इंग्रजी शिकवणारे लागतातच," दादा फोनवर म्हणाला. "लायसन्सचा काहीतरी कोर्स असतो, तो कर. तोवर माझ्या क्लिनिकमध्ये बस. माझी फ्रंट डेस्कची मुलगी सोडून चाललीय."

ह्यूस्टनच्या विमानतळातून बाहेर पडलो तेव्हा कुणाच्यातरी आंघोळीनंतर लगेच न्हाणीघरात शिरल्यासारखं वाटलं. दादा स्वतः घ्यायला आला होता. त्यानं मला मिठी मारली, मुलीला उचलून घेतलं. त्याच्या गाडीत थंड हवा होती आणि मागच्या सीटवर वहिनीनं आमच्यासाठी केलेले पराठे होते. हेही सांगायला हवं. तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर पुढचं सगळं सोपं झालं असतं.

क्लिनिक एका दुकानांच्या रांगेत होतं, एका बाजूला डोनटचं दुकान आणि दुसऱ्या बाजूला नखं रंगवून देणारं सलोन. मी फोन घ्यायला लागलो, अपॉइंटमेंट द्यायला लागलो, इन्शुरन्स कंपन्यांच्या माणसांशी तासन्‌तास बोलायला लागलो. वर्षभरात दादानं मला ऑफिस मॅनेजर केलं. तसा बोर्डही टेबलावर ठेवला. पण ऑफिस कुठे संपतं आणि दादा कुठे सुरू होतो याची रेषा कुणी आखली नव्हती. त्याचे सूट ड्रायक्लीनिंगला टाकणं, गाडी सर्व्हिसिंगला नेणं, त्याला विमानतळावर सोडणं आणि आणणं, पुतणीला व्हायोलिनच्या क्लासवरून घेणं. एकाच संध्याकाळी तो दोन ठिकाणी जेवायला येतो म्हणून सांगून बसायचा, मग त्यातलं एक कुणाचंही मन न दुखावता मी कॅन्सल करायचो. लग्नाचा वाढदिवस तो विसरायचा, आणि वहिनीला त्याच्या नावानं फुलं माझ्याकडून जायची.

आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू? नव्या देशात मला काहीच येत नव्हतं, फक्त दादाचं आयुष्य चालवता येत होतं. तो गोंधळ घालायचा, मी निस्तरायचो, आणि मग तो सगळ्यांसमोर हात पसरून म्हणायचा, "बघा, हा नसता तर माझं काय झालं असतं?"

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी मालिका बघायचो. सोफा त्याचा, बाजूची खुर्ची माझी. तिथंच कधीतरी तो मला त्या नोकराच्या नावानं हाक मारायला लागला. ते नाव मी इथे लिहीत नाही, मला ते आता कागदावरही नको आहे. आधी ते फक्त आमच्या दोघांतलं होतं. मग वहिनी म्हणायला लागली, मग पुतणी, मग क्लिनिकमधली माणसं. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीचं तबक घेऊन मी उभा होतो, तर मागून एक काका त्याच नावानं ओरडले, "अरे, तबक इकडे आण!"

बायकोनं घरी जाताना गाडीत विचारलं, "ते तुला काय म्हणतात सगळे?"

मी तिला मालिका सांगितली. तिनं ती कधी बघितली नव्हती, ती तेव्हा एका दुकानात कामाला लागली होती आणि शुक्रवारी संध्याकाळी तिची पाळी असायची.

"म्हणजे नोकर," ती म्हणाली.

"नोकर नाही गं. खासगी माणूस. त्याला मराठीत नीट शब्द नाही."

"आहे की. हुजऱ्या."



शिक्षकाच्या कोर्सला मी नाव घातलं होतं. वर्ग संध्याकाळी असायचे. पहिल्या वेळी क्लिनिकमध्ये नवी कॉम्प्युटर सिस्टिम आली आणि दादा म्हणाला, "पुढच्या सेमिस्टरला कर, कुठे पळून चाललंय?" पुढच्या वेळी मी जायलाही लागलो होतो. एका संध्याकाळी वर्गात असताना त्याचे फोनवर फोन आले. मी व्हरांड्यात जाऊन उचलला. त्याला कुठल्यातरी समारंभाला जायचं होतं आणि बो टाय बांधता येत नव्हता. मी फोनवरून सांगायला लागलो, तर तो वैतागून म्हणाला, "यार, तू ये ना. संध्याकाळीच तर मला तू लागतोस." मी गेलो. नंतर तो कोर्स मागे पडला तो पडलाच. एकदम सोडला असं काही झालं नाही. एक दिवस बुडाला, मग दोन, मग परत जायची लाज वाटायला लागली.

वर्षं अशीच गेली. मुलगी हायस्कूलमध्ये पोचली. दादाची साठी आली.

वहिनी आणि पुतणी दोघींनी मिळून जंगी बेत केला. एका रेस्टॉरंटच्या मागचा हॉल, शंभरेक माणसं. पुतणी तेव्हा लॉ स्कूलमध्ये होती, तिच्या डोक्यात आलं की बाबांच्या आवडत्या मालिकेवर एक छोटं नाटुकलं करायचं. मंडळात नाटकं लिहिणारे एक काका होते, त्यांनी निम्मं मराठी निम्मं इंग्रजी असं लिहून दिलं. दादा मालक, मी नोकर. मला काळा सूट, पांढरे हातमोजे आणि हातात चांदीच्या रंगाचा ट्रे. दादाला सरप्राइज नको होतं, त्याला पाठ करायला वेळ हवा होता, म्हणून तालमी ठेवल्या, त्याही आमच्याच घरी. मुलगी अभ्यास करता करता ऐकायची आणि कधीकधी हसायचीही. लिहिलेलं वाईट नव्हतं. शेवटचं वाक्य नोकराचं होतं आणि त्यावर पडदा.

त्या दिवशी हॉल भरलेला होता. सुरुवात छान झाली. माझ्या पहिल्याच वाक्याला हशा आला. कॉलेजच्या गॅदरिंगनंतर मी प्रथमच स्टेजवर उभा होतो आणि मला बरं वाटत होतं. दादाला दोनदा वाक्यं आठवली नाहीत, तर मी नोकराच्याच थाटात ती त्याला पुरवली आणि त्यालाही टाळ्या पडल्या. मग शेवट आला. माझं वाक्य म्हणायला मी पुढे झालो, तेवढ्यात दादानं माइक हातात घेतला. टाळ्यांनी तो फुलला होता.

"एक मिनिट, एक मिनिट," तो म्हणाला. "आता हे नाटकातलं नाही. हा माझा भाऊ नसता ना, तर मला सकाळी मोजेसुद्धा सापडले नसते." हशा. "पण मी नसतो, तर हा अजून साताऱ्यात पोरांना शिकवत बसला असता, धिस इज अ काऊ, दॅट इज अ बफेलो." मोठा हशा. मग तो खुर्चीत मागे रेलला, उजवा पाय पुढे केला आणि मालिकेतल्या आवाजात म्हणाला, "लेस."

त्याच्या बुटाची लेस खरोखर सुटलेली होती की त्यानं सोडली होती, मला माहीत नाही.

मी ट्रे खाली ठेवला, गुडघ्यावर बसलो आणि लेस बांधली. हातमोज्यांमुळे गाठ नीट बसेना, तर दोनदा बांधावी लागली. लोक टाळ्या वाजवत होते, कुणीतरी शिट्टी मारली. वाकलेला असतानाच मी मान वर केली, तर बुफेच्या टेबलाशी माझी मुलगी हातात रिकामी प्लेट घेऊन उभी होती. ती हसत नव्हती. बायको शेजारी नव्हती. ती गाडीत जाऊन बसली होती.

पुतणीनं येऊन मला मिठी मारली. "काका, यू वेअर सो गुड! यू स्टोल द शो!" तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. तिला त्यात प्रेम दिसलं होतं. बहुतेकांना तेच दिसलं. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर त्या लेस बांधण्याचा फोटो फिरला आणि खाली कुणी लिहिलं, भावाभावांचं प्रेम असावं तर असं.

घरी जाताना मुलगी मागच्या सीटवरून म्हणाली, "बाबा, व्हाय डिड यू डू दॅट?"

"नाटक होतं गं."

"द शू वॉजन्ट इन द प्ले. आय हर्ड यू गाइज प्रॅक्टिस."

मी आरशात बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. बायको म्हणाली, "ऐकलंस?" आणि तिनं रेडिओ लावला.

पुढच्या शुक्रवारी मी दादाकडे गेलो, पण टीव्ही लावू दिला नाही. म्हटलं, "दादा, मला त्या नावानं हाक मारू नकोस."

त्याला धक्का बसला. "का रे? काय झालं?"

"मला आवडत नाही."

"अरे, पण त्या मालिकेत खरा हिरो तोच आहे! मी तर मूर्ख. सगळ्या जगासमोर मी स्वतःला मूर्ख म्हणवून घेतो आणि तुला शहाण्याचा रोल देतो. आणि तूच चिडतोस?"

 याची उत्तरं मला नंतर पुष्कळ सुचली. मालकानं स्वतःला मूर्ख म्हणवून घेणं ही फार स्वस्तातली नम्रता आहे. त्यानं त्याचं काहीच जात नाही, उलट आपण किती मोकळ्या मनाचे असं त्याला वाटत राहतं. आणि मालिकेत दर भागाच्या शेवटी नोकर जिंकतो खरा, पण जिंकून त्याला मिळतं काय, तर पुढच्या भागात पुन्हा तीच नोकरी. साताऱ्याच्या सतरंजीवर हसताना हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी तेव्हा कुणाचा नोकर नव्हतो.

काही आठवडे दादानं ते नाव टाळलं. मग एकदा चुकून तोंडातून गेलं, तो ओशाळून हसला, मीही हसलो, आणि पुन्हा सुरू झालं.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, एका सकाळी क्लिनिकमध्ये एक तरुण अमेरिकन माणूस आला. हातात टॅबलेट. तो खोल्यांची मापं घ्यायला लागला. मला वाटलं इमारतीच्या मालकाकडून आला असेल. तो माझ्या टेबलापाशी आला, हात पुढे केला आणि हसून त्याच नावानं मला 'मिस्टर' लावून हाक मारली.

"ते माझं नाव नाही," मी म्हणालो.

तो गोंधळला. "ओह, आय ॲम सो सॉरी. डॉक्टरांनी हेच सांगितलं. मला वाटलं, इंडियन नाव असेल."

त्यानं ती मालिका ऐकलेलीही नव्हती. माझं खरं नाव मी त्याला सांगितलं, तर त्यानं ते टॅबलेटवर लिहून घेतलं आणि स्पेलिंग विचारलं. मग तो मोकळेपणानं बोलायला लागला. उन्हाळा संपेपर्यंत सगळं ट्रान्सफर होईल. त्यांच्या कंपनीची अशी बरीच क्लिनिक्स आहेत. फोन आणि इन्शुरन्सचं काम त्यांच्या सेंट्रल ऑफिसमधून होतं, त्यामुळे इथे फ्रंट डेस्कला फक्त एक माणूस लागेल. "तुम्हीही डॉक्टरांबरोबरच रिटायर होताय ना? कॉन्ग्रॅच्युलेशन्स."

मी त्याला थँक्यू म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

दिवसभर पेशंट होते. शेवटचा गेल्यावर मी दादाच्या खोलीत गेलो आणि दार लावलं. तो हात धूत होता.

"क्लिनिक विकलंस?"

"हो रे, आजच तुला सांगणार होतो. तो आज येईल असं मला वाटलं नव्हतं." त्यानं हात पुसले. "काय करू, झेपत नाही आता. ऑफर चांगली होती."

"केव्हापासून चाललंय?"

"झाले की काही महिने."

"काही महिने मी तुझ्या सगळ्या अपॉइंटमेंट लावतोय. मग या लोकांना तू कधी भेटायचास?"

"ते लोक घरी यायचे. तुझी वहिनी बघायची ते." मग तो जरा त्रासून म्हणाला, "अरे, त्यांच्याशी मी बोललोय तुझ्याबद्दल. ते ठेवतील तुला."

"नाही ठेवणार. त्यानं मला सांगितलं."

"असं?" त्याला खरंच आश्चर्य वाटलं. त्यानं बहुतेक कुठेतरी एक वाक्य टाकलं होतं आणि काम झालं असं धरून चालला होता, जसं तो माझ्याकडे एखादं वाक्य टाकायचा आणि काम व्हायचं. "मग तूही थांब ना आता. पुष्कळ केलंस. मला वाटलं, तुलाही रिटायरमेंटच हवी असेल."

"मला विचारायचंस तरी."

"तुला काय विचारायचं? तू घरचा."

हे तो प्रेमानं म्हणाला. तेच मला सहन होत नाही, आजही. फ्रंट डेस्कच्या बाईला त्यानं आठवडाभर आधी केबिनमध्ये बोलावून, नीट बसवून सांगितलं होतं. हे मला नंतर तिनंच सांगितलं. नर्सलाही सांगितलं होतं. त्या परक्या होत्या, त्यांना सांगणं भाग होतं. मी घरचा होतो, म्हणून मला सांगायचं कुणालाच सुचलं नाही.

मी उन्हाळाभर जात राहिलो. नव्या माणसांना जुन्या पेशंटची माहिती दिली, कुणाला कमी ऐकू येतं, कुणाला व्हिएतनामी दुभाष्या लागतो, कुणाला फोन सकाळीच करायचा. शेवटच्या दिवशी केक कापला. दादानं भाषण केलं, सगळ्या स्टाफची नावं घेऊन आभार मानले. माझ्यापाशी आला तेव्हा त्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला आणि ते नाव घेतलं. लोक हसले. मी माझ्या टेबलावरचा बोर्ड पिशवीत टाकला आणि पार्किंगमध्ये आल्यावर डोनटच्या दुकानाच्या कचऱ्याच्या डब्यात फेकून दिला.

त्यानंतर काही वर्षांनी, कॉलेज संपल्यावर, मुलीला न्यू जर्सीत एका औषध कंपनीत नोकरी लागली. तिनं वेस्ट विंडसरला अपार्टमेंट घेतलं आणि म्हणाली, तुम्ही दोघं इकडेच या. बायकोनं दुसऱ्याच दिवशी खोकी आणली. तिला मी इतकी वर्षं टेक्सासमध्ये बघितलं होतं, पण इतक्या भराभर काम करताना नाही.

इथे आल्यावर कित्येक महिने दादाचे फोन येत. ख्यालीखुशालीचे नव्हे. "अरे, बँकेचा पासवर्ड काय होता?" "तो एसीवाला मेक्सिकन माणूस, त्याचा नंबर दे ना." "माझा राखाडी सूट कुठे टाकला होतास?" मी सांगायचो. माझ्या डोक्यात त्याचं सगळं घर होतं, ते मी कुठे ठेवणार? मग एकदा त्यानं विचारलं, रक्तदाबाची गोळी सकाळी घ्यायची की जेवणानंतर. डॉक्टर माणूस! मी म्हटलं, "दादा, तू डॉक्टर आहेस." तो हसला, म्हणाला, "हो, पण ते तूच बघायचास ना."

मी इथे सब्स्टिट्यूट टीचर झालो. कुणी शिक्षक आजारी पडला की सकाळी फोन येतो आणि मी जातो. मुलं माझं नाव विचारत नाहीत, 'द सब' म्हणतात. पहिल्यांदा इंग्रजीचा तास मिळाला तेव्हा फळ्यासमोर उभा राहिलो आणि हाताला खडूची सवय आठवली, पण तिथे खडू नव्हता, आणि मुलांना फक्त वर्कशीट द्यायची होती. साठीच्या उंबरठ्यावर मी त्या कामाला लागलो, जे मला चाळिशीत करायचं होतं. ते काम चांगलं आहे. पण उशिरा मिळालेल्या चांगल्या गोष्टीची चव वेगळी लागते, तिच्यात हे आधीच मिळालं असतं ही चव मिसळलेली असते.

गेल्या वसंतात दादा एका लग्नाला न्यू जर्सीत आला. आम्ही आयसेलिनला भेटलो, ओक ट्री रोडवरच्या एका साध्या डोशाच्या हॉटेलात. तो बारीक झाला होता. शर्टाच्या कॉलरचं बटण लागलेलं नव्हतं. माझा हात उचलला गेला होता, मी तो खाली घेतला.

ह्यूस्टनचं एक जुनं ओळखीचं जोडपं तिथे भेटलं. दादानं माझी ओळख करून दिली. "हा माझा धाकटा भाऊ. माझ्याकडे कामाला होता."

"त्याआधी मी साताऱ्यात इंग्रजी शिकवत होतो," मी म्हणालो. "आता इथे शिकवतो." ती बाई म्हणाली, "हाऊ नाइस." आणि ती माणसं गेली.

डोसे आले. दादा म्हणाला, "रिटायर झाल्यापासून करमत नाही रे. तुझी वहिनी तिच्या क्लबमध्ये असते. पोरगी कॅलिफोर्नियाला, फोनसुद्धा मोजून मापून. तू परत ये ना. घर एवढं मोठं आहे. खालचा अख्खा मजला तुमचा. पुन्हा आपली मालिका लावू."

"तिथे येऊन मी काय करू, दादा?"

त्यानं बराच विचार केला. चटणीत डोशाचा तुकडा बुडवून तसाच धरून ठेवला. "म्हणजे… राहा. घरात कुणीतरी हवं ना आपलं."

"नाही," मी म्हणालो. "मी येणार नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. "तुझा माझ्यावर राग आहे का?"

इतक्या वर्षांत त्यानं हे पहिल्यांदा विचारलं. मी म्हटलं, "हो."

"का?"

मी यासाठी कितीतरी वाक्यं तयार ठेवली होती. गाडी चालवताना, शाळेच्या रिकाम्या वर्गात, भांडी घासताना. सगळी आठवत होती. पण त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कळलं की तो उत्तर टाळत नाहीये, त्याला माहीतच नाहीये. मी एकेक प्रसंग सांगितला असता, तर प्रत्येकाला त्यानं खरोखर आश्चर्यानं विचारलं असतं, त्यात काय झालं?

"तुला खरंच माहीत नाही?" मी विचारलं.

"नाही रे," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "सांग ना."

"जाऊ दे. डोसा खा, गार होतोय."

बाहेर आल्यावर तो माझ्या गाडीच्या दिशेनं चालायला लागला. मी म्हटलं, मला शाळेत जायचंय, तू गाडी बोलाव. त्याला ते ॲप वापरता येत नव्हतं. त्यानं कॅलिफोर्नियाला पोरीला फोन केला, तिनं तिथून बुक केली. आम्ही एका साड्यांच्या दुकानासमोर उभे राहिलो. काचेत पैठण्या लावलेल्या होत्या. दादा म्हणाला, तुझी वहिनी म्हणत होती एखादी घेऊन ये, पण मला काय कळतंय त्यातलं. मी रस्त्यावर त्याची गाडी शोधत होतो. गाडी आली. तो मागच्या सीटवर बसला, सीट बेल्ट शोधत राहिला, ड्रायव्हरनं वळून तो लावून दिला.

संध्याकाळी त्याचा फोन आला. मी उचलला.

"पोचलो," तो म्हणाला.

"बरं."

 पलीकडे विमानतळाची घोषणा ऐकू येत होती. "ठेवतो मग," तो म्हणाला.

त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही. मीही केलेला नाही.